प्रत मागे न ठेवण्याचा ठराव

पत्रात काय लिहिलं आहे यापेक्षा ते आधी कोणी वाचलं हा प्रश्न नेहमीच मोठा असतो. ज्या समाजांना हे उमगलं त्यांच्यात शिस्त नांदली. ज्यांना उमगलं नाही त्यांच्याकडे नुसतीच कामं होत राहिली.

नारीन शहराच्या वरच्या अंगाला, डोंगरांच्या बेचक्यात असलेल्या सारी-बेल जिल्ह्याच्या कुरण व पाणवठे कार्यालयाला हे उमगायला जरा उशीर झाला, हे खेदानं नमूद करावं लागतं. अनेक वर्षं तिथं ईमेल अत्यंत बेशिस्तपणे वाचली जात असे. कार्यालयाचा एक पत्ता होता, तो इंटरनेटवरच्या एका फुकट टपालपेटीचा होता आणि त्याचा पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला होता (गुप्तता राहावी म्हणून कॅलेंडर मागच्या वर्षाचं होतं). सकाळी जो पहिला येई तो ब्राउझर उघडून पेटीत डोकावे. आता, सकाळी पहिला कोण येतो? जो सर्वांत धाकटा असतो तो, कारण शेगडी त्यानंच पेटवायची असते. म्हणजे मंत्रालयाचं पत्र अख्ख्या जिल्ह्यात सर्वांआधी वाचण्याचा मान सर्वांत धाकट्या माणसाला मिळत होता, आणि हे किरगिझ मुलखात घडत होतं, जिथं थोरल्यानं घास घेतल्याशिवाय धाकटा चमच्याकडे बघतसुद्धा नाही.

हा धाकटा म्हणजे तालगार. वय अडतीस, कानशिलावर पांढरे केस, घरी बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई. परंतु त्याच्यामागून कार्यालयात कोणाची नेमणूकच झाली नाही, त्यामुळे तो हुद्द्यानं पाणवठ्यांचा नोंदणी कारकून आणि वयानं कायमचा पोरगा राहिला होता.

प्रकरण हातघाईवर आलं ते एका हिवाळ्यात. कार्यालयाचे प्रमुख ओस्मोनकुल झुनुशेविच बुटांवरचं बर्फ झटकत आत आले आणि शेगडीशी बसलेला तालगार उठून म्हणाला, "अभिनंदन साहेब! तुम्हाला मुदतवाढ मिळाली."

प्रमुखांना आनंद झाला. पण तो त्यांच्याच कारकुनाला त्यांच्याआधी होऊन गेलेला आनंद होता. असा उष्टा आनंद माणसाच्या घशाखाली उतरत नाही. त्यांनी त्याच दिवशी समिती नेमली.

समितीचं नशीब असं की त्याच महिन्यात एका परदेशी प्रकल्पाकडून कार्यालयाला नवा संगणक मिळाला. (प्रकल्प मेंढ्यांच्या खुरांच्या आजारावर होता. संगणकाचा खुरांशी काय संबंध, हे विचारायचं नाही असं आधीच ठरलं होतं.) त्यात एक टपालाचा प्रोग्राम होता. तो बसवायला नारीनहून एक तंत्रज्ञ आला. त्यानं समजावलं, की दर वेळी इंटरनेटवर जाऊन पेटी उघडण्याची गरज नाही. हा प्रोग्राम स्वतःच दर थोड्या वेळानं तिकडं जातो, पत्रं उचलतो आणि इथं घरी आणून ठेवतो.

"घरी म्हणजे कोणाच्या?" प्रमुखांनी विचारलं.

"म्हणजे या संगणकात."

"आणि हा संगणक कोणाच्या टेबलावर?"

"ते तुम्ही ठरवा. मला काय?"

अशा प्रकारे शतकानुशतकांची परंपरा आणि आधुनिक तंत्रज्ञान यांची गाठ पडली. संगणक तोलोगोन अक्सकालांच्या टेबलावर ठेवायचा हे एकमतानं ठरलं. तोलोगोन अक्सकाल म्हणजे पांढऱ्या दाढीचे ज्येष्ठ गृहस्थ. ते कार्यालयातून निवृत्त होऊन जमाना झाला होता. पण निवृत्तीमुळे माणसाची नोकरी संपते, वय संपत नाही. म्हणून ते रोज येत, खिडकीपाशी बसत, दूध घातलेला चहा पीत आणि मग डुलकी घेत. संगणकाला त्यांनी हात लावला नव्हता आणि लावण्याचा विचारही नव्हता. त्यामुळे त्यांच्या हातून काही बिघडण्याचा धोकाही नव्हता.

एकच प्रश्न उरला. तंत्रज्ञानं पडद्यावरच्या एका चौकोनावर बोट ठेवलं. "पत्र इकडं आणल्यावर तिकडच्या पेटीत एक प्रत मागे ठेवायची का? मी म्हणेन ठेवा. सगळेच ठेवतात. उद्या हा डबा बंद पडला तर तिकडं प्रत असते."

बोरसोकचा, म्हणजे तळलेल्या पिठाचा, तुकडा चहात बुडवत असलेल्या बुर्माकान एजेंनी हात थांबवला. (एजे म्हणजे ताई. या टंकलेखनाच्या प्रमुख आणि कार्यालयातल्या एकमेव स्त्री.) मग तोलोगोन अक्सकालांनी डोळे उघडले.

"पोरा," ते तंत्रज्ञाला म्हणाले, "तुझ्या घरी पाहुणा आला, तर त्याला वाढल्यावर तू चुलीवरच्या कझानात मागे मटण राखून ठेवतोस?"

"नाही अक्सकाल, पण ही ईमेल—"

"पाहुण्याच्या पुढ्यात सगळं ठेवायचं. उरलं तर त्याच्या पिशवीत घालून द्यायचं. मागे राखून ठेवलं असं कळलं तर सात पिढ्या तोंड दाखवता येत नाही. आणि तू सांगतोस, माझ्या पुढ्यात प्रत वाढायची आणि मूळ तिकडं लपवायचं?"

"उलटं आहे ते. म्हणजे दोन्ही सारखंच—"

"बघा, त्याला स्वतःलाच ठाऊक नाही कुठलं खरं," प्रमुख म्हणाले.

चौकोनातली खूण काढण्यात आली. ठराव असा झाला, की कार्यालयास आलेलं प्रत्येक पत्र इंटरनेटच्या पेटीतून संपूर्ण उचलावं, मागे प्रत ठेवून ज्येष्ठांचा अवमान करू नये. तंत्रज्ञानं खांदे उडवले, पोटभर जेवला आणि नारीनला निघून गेला.

पुढचं सगळं ओघानंच आलं. मेंढीचं मटण वाढताना कोणतं हाड कोणाला हे जसं ठरलेलं असतं, तसं पत्रांचंही ठरवण्यात आलं. मंत्रालयाचं पत्र म्हणजे डोकं. ते तोलोगोन अक्सकालांचं. प्रांताच्या कचेरीचं पत्र म्हणजे कमरेचं हाड, जांबाश, ते प्रमुखांचं. सणावारांच्या शुभेच्छा आणि परिपत्रकं बुर्माकान एजेंची, कारण स्त्रियांमध्ये ज्येष्ठ त्याच होत्या (आणि एकट्याच). मेंढपाळांच्या तक्रारी म्हणजे रस्सा. रस्सा सगळ्यांचा असतो, म्हणजेच तो वाटीत कोणी ओतून द्यायचा हे ठरलेलं नसतं. तालगारच्या वाट्याला काय? मेजवानीत थोर पाहुणा मेंढीच्या डोक्याचा कान कापून सर्वांत धाकट्याला देतो, यासाठी की त्यानं मोठ्यांचं ऐकावं. त्यानुसार तालगारला प्रत्येक पत्राचा विषय मोठ्यानं वाचून दाखवण्यात येई. मजकूर नाही. फक्त विषय.

सुधारणेचे परिणाम तत्काळ दिसले. पूर्वी पत्र येऊन ते संबंधितांना कळायला साधारण एक तास लागे. आता साधारण दोन आठवडे लागू लागले, म्हणजे पत्राचं आयुष्य तीनशेहून अधिक पटींनी वाढलं. इंटरनेटवरची पेटी तर अशी लख्ख दिसू लागली जसा पुसून पालथा घातलेला कझान. प्रांताच्या तपासणी पथकानं तिकडं डोकावून पाहिलं, एकही पत्र प्रलंबित नाही असा शेरा दिला आणि कार्यालयाला प्रशस्तिपत्र मिळालं. (ते ईमेलनं पाठवलं होतं. ते मिळाल्याचं कार्यालयाला वसंतात समजलं.)

इथवर सगळं उत्तम होतं. मग तालगारनं घोळ घातला.

त्याची आई, उमसुनाय आपा, हिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजव्या डोळ्यानं तिला उजेड कळे, डाव्यानं तोही नाही. राजधानीतल्या एका इस्पितळात शस्त्रक्रियेसाठी नाव नोंदवून वर्ष होत आलं होतं. अर्जात ईमेलचा पत्ता द्यावा लागत होता. तालगारला स्वतःच्या फोनवरचा पत्ता आठवेना. आठवला असता तरी तो त्यानं शाळेत असताना घेतलेला, त्यात एका कुस्तीगिराचं नाव होतं. त्यानं भारदस्त दिसावा म्हणून कार्यालयाचा पत्ता लिहिला. तेव्हा सुधारणा व्हायची होती.

मंगळवारी त्यानं इस्पितळाला फोन लावला.

"पत्र गेलंय तुम्हाला," पलीकडची बाई म्हणाली. "काल."

"काय लिहिलंय?"

"ते पत्रात लिहिलंय."

"तारीख मिळाली का, एवढंच सांगा ना एजे. आई डोळ्यांसाठी थांबलीय."

"तारीख पत्रात आहे. शुक्रवारी आमचं ऑफिस बंद व्हायच्या आत त्याच पत्राला उत्तर म्हणून होकार पाठवा, त्यात तुमचा आकडा आहे. नाही आला तर नंबर पुढच्या माणसाला जाईल आणि तुम्ही यादीच्या तळाला."

"पत्र परत पाठवाल का? दुसऱ्या पत्त्यावर?"

"आमच्याकडे पोचल्याचं दिसतंय. पोचलेलं परत कशाला पाठवायचं?"

तालगारनं इंटरनेटवरची पेटी उघडली. ती प्रशस्तिपत्राला साजेशी स्वच्छ होती. पत्र आलं होतं, प्रोग्रामनं उचललं होतं, मागे काही राखलं नव्हतं, आणि आता ते अक्सकालांच्या संगणकात होतं.

अक्सकाल मात्र नव्हते. ते वरच्या खोऱ्यात एका वर्षश्राद्धाच्या मेजवानीला गेले होते, जिथं घोड्यांच्या शर्यती असतात आणि फोनला रेंज नसते. ते परत कधी येतील हे सांगता येत नव्हतं, कारण मेजवानीतून थोरल्या माणसानं आधी उठायचं नसतं, आणि त्यांच्याहून थोरलं तिथं कोणी नव्हतं. जाताना त्यांनी सणाचा कल्पाक डोक्यावर घातला होता आणि रोजचा कल्पाक, ती पांढरी उंच नमद्याची टोपी, संगणकाच्या कळफलकावर ठेवली होती.

दुसऱ्याच्या कल्पाकाला हात लावायचा नसतो. हे तालगारला त्याच्या आईनंच शिकवलं होतं. टोपी कळफलकावर ठाण मांडून बसली होती, तिच्याखाली एक कळ दाबलेली राहिली होती आणि संगणक मधूनमधून टुंग असा आवाज करत होता. तालगार तिच्यासमोर उभा राहिला. मग तो प्रमुखांकडे गेला.

ओस्मोनकुल झुनुशेविच निर्दय मनुष्य नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला, आणि बुधवारी बैठक बोलावली.

"नियम स्पष्ट आहे," ते बैठकीत म्हणाले. "कार्यालयात हजर असलेल्यांपैकी जो सर्वांत थोर, त्यानं प्रथम वाचावं."

"मग तुम्ही वाचा साहेब," तालगार म्हणाला. "अक्सकाल हजर नाहीत."

प्रमुखांनी टोपीकडे बघितलं. टुंग.

"पुरुषाचा कल्पाक जिथं असतो तिथं तो पुरुष असतो. हे तुला मी सांगायला हवं का? मी त्यांच्या डोक्यावरून हात घालून पत्र घेऊ?"

"आईचे डोळे जातील साहेब."

"तुझी आई ती माझीही आईच. म्हणून तर मी बैठक बोलावली."

गुरुवारीही बैठक झाली. वरच्या खोऱ्यात माणूस पाठवावा असं सुचवण्यात आलं. पण माणूस पोचला तरी अक्सकालांना मेजवानीतून उठवणार कोण? त्यांच्याहून थोरला माणूस पाठवावा लागला असता.

हे ऐकताच बुर्माकान एजे खदखदून हसल्या. "ओस्मोन, तू मेंढ्या मोजता मोजता मेंढी झालास का रे? थोरला माणूस हवाय ना? या पोराची आई सापाच्या वर्षाची. तोलोगोन घोड्याच्या वर्षाचा. साप आधी येतो का घोडा?"

सगळ्यांनी बोटांवर बारा प्राण्यांच्या फेऱ्यातली वर्षं मोजली. उंदीर, गाय, बिबट्या, ससा, ड्रॅगन, साप. मग घोडा.

"पण त्या कर्मचारी नाहीत," प्रमुख म्हणाले.

"तोलोगोन आहे?"

निवृत्तीनं वय संपत नाही हा सिद्धांत प्रमुखांनीच मांडला होता, आणि तो इतका पक्का होता, की आता त्यातून बाहेर पडायला फट नव्हती.

शुक्रवारी जेवणानंतर तालगार आईला हाताला धरून घेऊन आला. डोक्याला पांढरा रुमाल, अंगात मखमली जाकीट. कार्यालय उठून उभं राहिलं. ज्येष्ठ व्यक्तीनं दाराच्या समोरच्या मानाच्या जागी बसायचं असतं, पण संगणक खिडकीपाशी होता. तेव्हा संगणक मानाच्या जागी आणायचं ठरलं. वायर पोचेना. शेजारच्या पशुवैद्यकाकडून लांब वायर आणली. (तिच्या बदल्यात कार्यालयानं लस साठवण्याचा त्याचा फ्रीज तासभर बंद राहण्यास संमती दिली.) संगणकाखाली नमद्याचा गालिचा अंथरला. टोपी मात्र कळफलकावर तशीच, कळफलकासकट उचलून आणली होती, राजाला पालखीतून आणावं तशी.

"हे काय टुंगटुंग करतंय?" उमसुनाय आपांनी विचारलं.

"तोलोगोन अक्सकालांचा कल्पाक आहे आई. कळांवर."

"डोक्यावर घालायची वस्तू डब्यावर ठेवली? शहाणा कुठला! पाळण्यात होता तेव्हापासून नाक वर. इकडे आण." त्यांनी टोपी चाचपली, झटकली, तिच्यावरचा बोरसोकचा चुरा उडवला. "जा, उंच खुंटीवर अडकव. आणि त्याला सांग, मी अडकवलीय."

टुंग थांबलं. कार्यालयाला अनेक दिवसांनी शांतता लाभली.

आता पुढची अडचण. प्रमुखांनी घसा खाकरला. "आपा, नियमाप्रमाणे आधी तुम्ही वाचायचं आहे."

"मला दिसत नाही रे."

"ते आम्हाला माहीत आहे. पण नियमात दिसण्याचा उल्लेख नाही. फक्त वाचण्याचा आहे."

उमसुनाय आपांनी मान डोलावली आणि शेगडीकडे पाहिलं. तालगारनं त्यांची हनुवटी हलकेच पडद्याकडे वळवली. मंत्रालयाचं पहिलं पत्र उघडलेलं होतं.

"वाचलं," आपा म्हणाल्या.

"काय म्हणतात?" प्रमुखांनी नकळत विचारलं.

"काय म्हणणार? पाठवा म्हणतात. आकडे पाठवा, अहवाल पाठवा. मागच्याचं काय झालं तेही विचारलंय."

पत्र वाचून पाहिलं तेव्हा ते अक्षरशः तसंच निघालं. दुसरं पत्रही तसंच. तिसऱ्याच्या वेळी आपांनी पडद्याकडे तोंडही वळवलं नाही. ज्यांनी मंत्रालयाची पत्रं डोळसपणे वाचण्यात उभी हयात घालवली होती, ते सगळे थोडे अस्वस्थ झाले.

तालगारचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. "साहेब, इस्पितळाचं पत्र आधी घेऊ या का?"

"त्याची जागा कुठं लागते?" प्रमुखांनी नियम काढले. "डोकं नाही. जांबाश नाही."

"डोळ्यांचं आहे ना?" बुर्माकान एजे म्हणाल्या. "डोळे डोक्यातच असतात. का तुझे दुसरीकडे आहेत?"

"डोकं मंत्रालयाचं आहे, एजे. एक मेंढी, एक डोकं. हे खासगी पत्र आहे. खासगीची जागा जाहिरातींनंतर, कारण जाहिरात निदान कार्यालयाच्या नावानं येते."

त्यामुळे आधी प्रांताची पत्रं झाली. मग शुभेच्छा झाल्या. मग मेंढपाळांचा रस्सा आला आणि तसाच बाजूला सरकवला गेला. मग हिवाळी टायर पाहिले, मग सवलतीतले हिवाळी टायर पाहिले, आणि प्रत्येक टायरपाशी आपांनी प्रामाणिकपणे "वाचलं" असं म्हटलं. तालगारनं एकदा घड्याळाकडे पाहून डोळे मिटले. टायर संपले तेव्हा खिडकीबाहेरची सावली अंगणातल्या घोडा बांधायच्या खुंट्यापर्यंत आली होती.

शेवटचं पत्र उघडलं. विषय तालगारनंच वाचला, तो त्याचा हक्कच होता. मजकूर वाचायला मात्र त्यानं कोणाची परवानगी घेतली नाही. पुढच्या महिन्याची तारीख होती, आकडा होता आणि कार्यालयीन वेळ संपण्याच्या आत होकार कळवावा असं लिहिलं होतं.

"आता उत्तर," प्रमुख म्हणाले. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, कारण इथं त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. "लिही. महोदय, आपल्या वरील संदर्भांकित पत्रास अनुसरून, सारी-बेल जिल्हा कुरण व पाणवठे कार्यालय आपणास नम्रपणे अवगत करू इच्छितं, की—"

"ओस्मोन," उमसुनाय आपा म्हणाल्या, "गप्प बस. पोरा, लिही: येते."

"आपा, निदान संदर्भ क्रमांक—"

"येते लिहिलंस?"

"लिहिलं आई. आकडाही घातला."

"मग पाठव."

प्रमुखांनी खुर्ची मागे सरकवली. थोरला माणूस बोलत असताना मध्ये बोलायचं नसतं. तालगारनं बटण दाबलं. आपांनी दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवून "ओमीन" म्हटलं, आणि कार्यालयातल्या सगळ्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले. सारी-बेल कार्यालयातून गेलेलं ते आजवरचं सर्वांत छोटं पत्र. प्रमुखांना त्या रात्री झोप लागली नाही, असं त्यांच्या पत्नी सांगतात.

होकार वेळेत पोचला. शस्त्रक्रिया झाली. पट्टी काढल्यावर आपांनी पहिल्यांदा तालगारकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "पांढरे केस आले की रे तुला. आणि अजून शेगडी तूच पेटवतोस?"

ही कथा इथं संपली असती तर ती सुखान्त झाली असती. पण नियम तसाच होता, आणि नियमानुसार कार्यालयातल्या सर्वांत थोर व्यक्ती आता उमसुनाय आपा होत्या. तोलोगोन अक्सकाल परतले, खुंटीवरचा कल्पाक पाहिला, तो कोणी टांगला ते ऐकलं आणि दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. दर सोमवारी आपा येऊ लागल्या. मानाच्या जागी बसू लागल्या. आणि पत्रं वाचू लागल्या.

खरोखर वाचू लागल्या. हा प्रकार कोणी कल्पिला नव्हता. त्या डोळ्यांजवळ पडदा ओढून एकेका ओळीवरून बोट सरकवत वाचत. मंत्रालयाची पत्रं त्यांनी पुन्हा उघडली नाहीत, ती पाठ होती. त्या सरळ रश्शाला भिडल्या.

"हा सुल्तामुरात कोण? म्हणतोय, झऱ्याजवळचा लाकडी पूल मोडलाय, तिसरा वसंत, दोन घोडे वाहून गेले. याला काय उत्तर दिलंस, ओस्मोन?"

"ते रश्शात येतं, आपा."

"घोडे रश्शात गेले ते कळलं. उत्तर काय दिलंस?"

पहिल्या महिन्यात कार्यालयानं मेंढपाळांना एकवीस उत्तरं पाठवली. त्यांतली सोळा एका ओळीची होती. पूल दुरुस्त झाला. दोन पाणवठ्यांची वाटणी झाली. हे कळताच बाजूच्या खोऱ्यांतूनही लोक लिहू लागले. त्यांना उत्तरं येतात ही बातमी झाली होती. कर्मचाऱ्यांना दुपारी चहासुद्धा उभ्यानं घ्यावा लागू लागला. प्रमुखांनी परिस्थितीचा साकल्यानं विचार केला आणि समिती पुन्हा नेमली.

समितीनं वरच्या वस्तीत एक गृहस्थ शोधून काढले. ते ड्रॅगनच्या वर्षाचे. सापाच्या लगेच आधीच्या नव्हे, त्याच्याही आधीच्या फेऱ्यातल्या ड्रॅगनच्या. त्यांना ऐकू येत नाही, दिसत नाही आणि स्वभाव अतिशय शांत. त्यांना दर सोमवारी कार्यालयाच्या गाडीतून आणतात, शेगडीकडे तोंड करून बसवतात, मध नि बोरसोक वाढतात आणि संध्याकाळी परत सोडतात. इंटरनेटवरची पेटी स्वच्छ आहे. यंदाही प्रशस्तिपत्र आलं असावं. उमसुनाय आपा घरी असतात, नातवाच्या जाकिटाला बटणं लावतात आणि सुई स्वतः ओवतात. दृष्टी आल्यापासून त्यांना सोमवार रिकामे जातात, एवढीच तक्रार. तीही त्या तालगारकडे तोंडी करतात, लिहून पाठवण्यात अर्थ नाही हे त्यांना कार्यालयात बसून कळलं आहे.

राहता राहिले वाचक. आईच्या डोळ्यांचं पत्र टायरांच्या जाहिरातींनंतर लागलं, तिथं तुम्हाला हसू आलं. हे वाचायला बसण्याआधी तुम्ही फोन उघडला होतात. चपलांची सवलत शेवटपर्यंत पाहिलीत, ओळख ना पाळख अशा माणसाच्या कुत्र्याचा वाढदिवसही पाहिलात, आणि आईचा कालचा निरोप 'सावकाश बघू' म्हणून खाली सरकू दिलात. सारी-बेलमध्ये त्यासाठी निदान दोन बैठका झाल्या होत्या, आणि ठराव लेखी आहे.